सूर्याचं वादळ आणि मामांचं बीपी

(या भागात पाहुणे नव्हते, मी एकटाच बोललोय. ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं अशांसाठी हा मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत, तरी काही राहिलेच असतील.)

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. तिघा-चौघांनी जवळपास एकच रील पाठवली. त्यात एक ताई शांत आवाजात सांगतात की सौर वादळ आलं की डोकं जड होतं, झोप उडते, छातीत धडधडतं, रक्तदाब वर जातो, म्हणून त्या दिवशी अनवाणी गवतावर चाला आणि फोन बंद ठेवा. खाली हजारो कमेंट्स, 'अगदी खरंय, काल माझंही डोकं दुखत होतं.' आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, हे खरं का?

उत्तर आधीच देऊन टाकतो, सस्पेन्स ठेवत नाही. सूर्याच्या वादळाने माणसाला इजा होऊ शकते, झालेलीही आहे. पण आजवर ती जिथे जिथे पक्की नोंदली गेलीय, तिथे वादळ माणसापर्यंत कशाच्या तरी मार्फत पोहोचलंय. तारेतून, विमानातून, यंत्रातून. किंवा माणूसच पृथ्वीची ढाल सोडून वर गेलेला होता. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयावर किंवा मेंदूवर थेट परिणाम होतो का, यावर अभ्यास झालेत, काहींचे आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. त्यांच्याबद्दलही बोलणार आहे. पण आधी वादळ म्हणजे काय ते बघू.

ताजं उदाहरण घेऊ. १० मे २०२४. शुक्रवार, अक्षय्य तृतीया. माझं आजोळ घाटघर. जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाच्या माथ्यावरचं, जीवधनच्या पायथ्याशी असलेलं. (अकोले तालुक्यातलं धरणवालं घाटघर वेगळं, दरवेळी सांगावं लागतं.) घरोघरी आमरस झाला होता, सोमवारी १३ तारखेला शिरूर लोकसभेचं मतदान, त्यामुळे गप्पा सगळ्या त्याच. रात्री साडेदहाच्या सुमारास, गाव निजानीज झालेलं असताना, सूर्याकडून आलेल्या ढगांची पहिली धडक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला बसली. ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी-५ वादळ. जी-५ ही त्या मोजपट्टीची सगळ्यात वरची पायरी, त्यापुढे काही नाही. लडाखमध्ये हान्लेला आकाश लाल दिसलं. युरोप-अमेरिकेत तर लोक अंगणात खुर्च्या टाकून बसले होते.

आणि घाटघरला काय झालं? काहीच दिसलं नाही. का नाही दिसलं, याच्यातच आजचं अर्धं उत्तर आहे.

सूर्यावर मोठा स्फोट झाला की तिथून तीन गोष्टी निघतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. पहिली एक्स-रे आणि अतिनील किरणांची लाट, ती प्रकाशाच्या वेगाने येते, आठ मिनिटांत. तिने वरच्या वातावरणाची वीजभारित पातळी बदलते आणि शॉर्टवेव्ह रेडिओ बंद पडतो. दुसरे वेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन, ते काही मिनिटांपासून काही तासांत येतात. तिसरा तो ढग, अब्जावधी टन वीजभारित वायू, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन आलेला. त्याला एक ते तीन दिवस लागतात. आपण 'वादळ' म्हणतो ते या ढगाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला दिलेले हेलकावे.

आता ढाली. एक, वातावरण. डोक्यावरच्या हवेचं वजन दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे दहा मीटर पाण्याखाली उभं राहिल्यासारखं. सूर्याकडून आलेले एक्स-रे यातून खाली येत नाहीत, प्रोटॉन बहुतेक वरच अडकतात. दोन, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. ही ढाल ध्रुवांवर विरळ असते आणि विषुववृत्ताकडे सगळ्यात घट्ट. महाराष्ट्र तिच्या घट्ट भागात येतो. अलास्कातल्या माणसाला जे वादळ लागतं त्याचा अगदी मऊ झालेला हेलकावा आपल्याला लागतो. तेव्हा अलास्कातल्या बातमीचं भाषांतर करून ते पुण्याच्या हेडलाइनला लावणं यात पहिली गफलत होते.

पण 'काहीच होत नाही' असंही नाही. हेलकावा आपल्याकडेही मोजता येतो, आणि तो मोजण्यात महाराष्ट्र जगात फार जुना आहे. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा रेंगाळतो.

मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सुई बघायची, आकडा लिहायचा, पुन्हा थोड्या वेळाने बघायची. डोळ्याने, हाताने. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता, त्याला डागांच्या मध्ये अचानक पांढरा लखलखाट दिसला. पाच मिनिटांत संपला. सतरा-अठरा तासांनी तो ढग पृथ्वीवर आदळला. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या वहीत त्या सकाळी आडवं चुंबकीय क्षेत्र जवळपास १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. जगातल्या बऱ्याच वेधशाळांची यंत्रं त्या वादळात मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्याची नोंद टिकली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लाखिना आणि सहकाऱ्यांनी ती वही पुन्हा वाचली आणि त्या वादळाच्या ताकदीचा अंदाज तिच्यावरून बांधला. नेमका आकडा किती धरायचा यावर नंतर वाद झाले, पण वाद घालायला आधार म्हणून मुंबईतल्या कारकुनाच्या हातचेच आकडे होते. दीडशे वर्षांनी कुणाला तरी लागेल म्हणून कुणी वही लिहीत नाही, पण लिहिली नीट की ती लागते. आमच्या ऑफिसात तीन महिन्यांपूर्वीचे लॉग सापडत नाहीत.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने सुया हलणार, मोजमाप बिघडणार. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली, आणि दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी केल्या, जुने आकडे नव्या आकड्यांशी जोडता यावेत म्हणून. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते. आता या ट्रामच्या गोष्टीत एक गंमत लपलीय. नाजूक सुईसाठी ट्राम हीच एक मोठी ढवळाढवळ होती. आणि त्या ट्रामच्या आत बसून मुंबईकर पुढे कित्येक वर्षं कामावर गेले.

आकडे सांगतो, म्हणजे प्रमाण कळेल. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या थोडं वर. काही वादळ-बिदळ नसताना, रोज दिवसा, सूर्य डोक्यावर आला की अलिबागला त्यात काही दहा नॅनोटेस्लाचा चढउतार होतोच. मे २०२४ च्या वादळात विषुववृत्ताजवळच्या वेधशाळांमधली सरासरी घट ४०० च्या आसपास. म्हणजे एक टक्का. लोखंडी कपाटाच्या शेजारी उभे राहा, त्याहून जास्त फरक पडेल. आणि एमआरआयच्या मशीनमध्ये? साध्या दीड टेस्लाच्या मशीनमध्ये १५० कोटी नॅनोटेस्ला. माणसं त्यात अर्धा तास पडून राहतात आणि बाहेर येऊन पार्किंगच्या पावतीवरून भांडतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे, तो सांगायलाच हवा. काही संशोधक म्हणतात की ताकदीपेक्षा लय महत्त्वाची, म्हणजे क्षेत्र किती आहे यापेक्षा ते कसं आणि किती संथ हलतंय याने शरीरावर परिणाम होत असेल. पक्ष्यांना चुंबकीय क्षेत्र कळतं, स्थलांतरात ते वापरतात, हे खरं आहे. तेव्हा 'एवढ्याशाने काय होतंय' एवढ्यावर फाइल बंद करता येत नाही. पण माणसाच्या बाबतीत हे नेमकं कोणत्या अवयवात, कोणत्या मार्गाने घडतं, ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

परत १८५९ ला येऊ, कारण वादळाने माणसाला केलेल्या इजेच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक तिथली आहे. वॉशिंग्टनमध्ये फ्रेडरिक रॉइस नावाचा तार मास्तर वादळाच्या वेळी यंत्रावर काम करत होता. एक हात यंत्रावर, कपाळ जमिनीशी जोडलेल्या तारेला लागलं, आणि त्याला जबर धक्का बसला. समोरच्याने त्याच्या कपाळापासून ठिणगी उडताना पाहिली. जमिनीवर हेलकावणारं चुंबकीय क्षेत्र लांबच लांब तारांमध्ये वीज उत्पन्न करतं, डायनामो चालतो तसंच. रॉइसला लागला तो सूर्यच, पण मध्ये शेकडो मैल तार होती. तुमच्या-माझ्या अंगात शेकडो मैलांची तार नाही. पाच-सहा फुटांच्या देहात तो परिणाम नगण्य होतो.

हाच मार्ग पुढे परत परत दिसतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेकची वीज यंत्रणा वादळाने दीड-दोन मिनिटांत कोसळली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात, आणि तेही तिथल्या मार्चच्या थंडीत. ज्याला आपण 'आरोग्यावर परिणाम' म्हणतो तो अशा रात्री हॉस्पिटलच्या जनरेटरमध्ये किती डिझेल आहे यावर ठरतो.

आता मामांची गोष्ट. परवानगी घेऊन सांगतोय, मामा म्हणाले, "सांग की, नाव नको घेऊस म्हंजे झालं."

मे २०२४ च्या त्याच वादळानंतर, रविवारी १२ तारखेला, मामांचं डोकं सकाळपासून गरगरत होतं. दुपारी छाती जड वाटायला लागली. मामी म्हणाल्या, जुन्नरला जाऊ. मामा म्हणाले, "आगं सूर्याचं वादळ चाललंय, मोबाइलवर आलंय. समद्यांनाच व्हतंय. दोन दिसांत उतरंल." आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं, शेजारच्या दोघांनाही 'तसंच' होत होतं. मे महिना, ऊन मी म्हणतंय, हिरडा गोळा करायचे दिवस, रात्री लग्नांची जेवणं. डोकं कुणाचं गरगरणार नाही?

मी योगायोगाने त्या दिवशी तिथे होतो, अक्षय्य तृतीयेला जोडून गेलो होतो. घाटघर ते जुन्नर तीसेक किलोमीटर, रस्ता वळणांचा. गाडी काढली. मामा वाटेत दोनदा म्हणाले, "उगाच पेट्रोल जाळतोय तू." दवाखान्यात बीपी बघितलं, वरचा आकडा २०० च्या पुढे. ईसीजी काढला, ॲडमिट करून घेतलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी कधीपासून बंद आहे?" मामा गप्प. मामी म्हणाल्या, "पंधरा दिस झालं. संपल्यात. लग्नाच्या गडबडीत आणायच्या राहिल्या."

डॉक्टरांना मी वादळाचं विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, "असेल नसेल, मला माहीत नाही. पण गोळी बंद केली की बीपी चढतं हे मला माहीत आहे, आणि गोळी माझ्या हातात आहे. सूर्य नाही." दोन दिवसांनी सोडलं. मतदान हुकलं, त्याचाच राग मामांना जास्त.

माझा आक्षेप इथे आहे. रीलमधलं गवतावर चालणं निरुपद्रवी आहे, खुशाल चाला. पण 'सगळ्यांनाच होतंय, वादळ आहे, उतरेल' हे वाक्य छाती जड झालेल्या माणसाच्या डोक्यात बसलं की ते निरुपद्रवी राहत नाही. अशा वेळी दोन तास म्हणजे फार मोठा काळ.

आता अभ्यासांकडे येतो, कारण काही ऐकणारे लगेच लिंका पाठवतील, आणि पाठवायलाच हव्यात.

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे अलेक्झांडर चिझेव्हस्की, रशियन. १९२० च्या दशकात त्याने मांडलं की युद्धं, क्रांत्या, साथीचे रोग सूर्यावरच्या डागांच्या ११ वर्षांच्या चक्राबरोबर येतात. स्टालिनच्या राज्यात क्रांती सूर्यामुळे होते म्हणणं परवडणारं नव्हतं, १९४२ ला त्याला अटक झाली, छावण्यांमध्ये वर्षं काढली. माणूस म्हणून वाईट वाटतं. पण इतिहासातून तारखा वेचून चक्राला जुळवणं सोपं असतं, न जुळणाऱ्या तारखा आपोआप गळतात.

आधुनिक अभ्यास याहून खूप काटेकोर आहेत. २०१४ मध्ये व्हॅलरी फायगिन आणि सहकाऱ्यांनी युरोप आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या सहा मोठ्या पाहण्यांमधले ११ हजारांहून जास्त पक्षाघाताचे रुग्ण घेतले आणि वादळाच्या दिवसांत पक्षाघाताची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी जास्त दिसली असं लिहिलं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटाने अमेरिकेतल्या २६३ शहरांमधले मृत्यू आणि चुंबकीय हालचाल ताडून पाहिली, तिथेही हृदयविकाराच्या मृत्यूंशी संबंध दिसला. ही गंभीर माणसं आहेत, नियतकालिकं गंभीर आहेत. मी एक बीटेक, यांना खोटं पाडायला बसलेलो नाही.

पण मी रोज डेटा बघतो, आणि काही गोष्टी डोळ्यात खुपतात. समजा मी वीस आजार घेतले आणि प्रत्येकासाठी वादळाचा दिवस, दुसरा दिवस, तिसरा, असे सात दिवस तपासले. झाले १४० प्रश्न. शंभरात पाच वेळा नुसत्या योगायोगाने 'होय' उत्तर येतं अशी चाळणी लावली, तर सूर्याचा काडीचा संबंध नसतानाही सात ठिकाणी 'होय' येणार. त्या सातांचीच बातमी होते. उरलेले १३३ कुणी छापत नाही. वर सांगितलेल्या संशोधकांनी असं केलं असं मी म्हणत नाही, पण या क्षेत्रातले शेकडो छोटे पेपर वाचताना ही चाळणी मनात ठेवावीच लागते.

दुसरं, ऋतू. चुंबकीय वादळं वर्षभर सारखी येत नाहीत, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, जास्त येतात. आता आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे काय? पाऊस ओसरलेला, डबकी साचलेली, डेंग्यू. नुसते आकडे ठेवले तर पुण्यातला डेंग्यू सूर्याच्या वादळांमुळे होतो हे मी तुम्हाला आलेख काढून दाखवू शकतो. डास मात्र तेव्हाही चावतच असतात.

तिसरं, अशा अभ्यासांचा मोठा वाटा वरच्या अक्षांशांचा आहे, रशिया, फिनलंड, लिथुआनिया, बॉस्टन. तिथला हेलकावा मोठा. तो आकडा उचलून सह्याद्रीवर ठेवता येत नाही.

बरं, ठेवूनच बघू. घटकाभर धरून चालू की १९ टक्के खरे, घाटघरलाही लागू, आणि पक्षाघातालाच नव्हे तर सगळ्याच मृत्यूंना लागू. हजार वस्तीचं गाव धरा, वर्षाला सात मृत्यू. सूर्याच्या एका चक्रात, ११ वर्षांत, ७७. त्या ११ वर्षांत जी-४ आणि जी-५ अशी जबर वादळं सरासरी ६४ दिवस असतात. चार हजार दिवसांतले ६४. म्हणजे त्या दिवसांच्या वाट्याला मृत्यू येतात साधारण सव्वा. त्याचे १९ टक्के म्हणजे पाव मृत्यू. अकरा वर्षांत. घाटघरातला कुणीही, कितीही बारकाईने बघत बसला तरी हे त्याला जाणवणं शक्य नाही. 'आमच्या गावात त्या दिवशी सगळ्यांना त्रास झाला' याचं कारण सूर्याच्या वादळात नसणार, ते गावातच शोधायला हवं.

पण हाच हिशोब राज्याला लावा. बारा-साडेबारा कोटी माणसं, दिवसाला ढोबळमानाने दोन हजार मृत्यू. वादळाने अर्धा-एक टक्का जरी वाढ होत असेल तर ती दिवसाला दहा-वीस माणसं. म्हणून हा अभ्यास व्हावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अलिबागच्या नोंदी एकीकडे आहेत, मृत्यूंच्या नोंदी दुसरीकडे आहेत, ऋतू, उष्णता, प्रदूषण वेगळं काढून कुणीतरी बसायला हवं. एम.एस्सी. संख्याशास्त्रवाले कुणी ऐकत असाल तर विषय फुकट देतोय.

आता जिथे शंका नाही तिथे जाऊ, आकाशात.

विमान ११ किलोमीटरवर उडतं तेव्हा वातावरणाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग त्याच्या खाली राहिलेला असतो. दहा मीटर पाण्याची ढाल अडीच मीटरपेक्षा कमी होते. त्यात विमान उत्तर ध्रुवावरून जात असेल तर चुंबकीय ढालही विरळ. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, बेंगळुरू-सॅन फ्रान्सिस्को विमानं ध्रुवावरून गेलेली आहेत. तुमचा भाऊ वर्षातून एकदा अमेरिकेहून येतो त्याला यात काळजी करण्यासारखं काही नाही. पण वैमानिक आणि केबिन क्रू यांना वर्षाकाठी काही मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, बऱ्याच देशांत त्यांची गणना किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांमध्येच होते, आणि गरोदर असलेल्या क्रू मेंबरसाठी वेगळे नियम असतात. तो मुख्यतः दूरच्या अवकाशातून येणाऱ्या कणांचा, सूर्याची भर अधूनमधून. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेतून विमान कंपन्यांना अवकाश-हवामानाचे इशारे जातात, पावसाचे जातात तसे.

आणखी वर गेलात तर प्रश्न गंभीर. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत अवकाश स्थानकावर होते. तिथे दिवसाला साधारण अर्धा मिलिसीव्हर्ट मिळतो, म्हणजे जमिनीवर वर्षभरात जेवढा नैसर्गिक किरणोत्सर्ग लागतो तेवढा तिथे पाच दिवसांत. तरी ते स्थानक पृथ्वीच्या चुंबकीय ढालीच्या आत आहे. चंद्रावर जाणारे बाहेर असतात. अपोलो १६ एप्रिल १९७२ ला परतलं, अपोलो १७ डिसेंबरात निघालं, आणि मधल्या ऑगस्टमध्ये सूर्याने असं वादळ सोडलं की तेव्हा चंद्रावर कुणी चालत असतं तर गंभीर आजारी पडलं असतं. चार महिन्यांनी हुकलं. गगनयानाच्या आणि पुढच्या मोहिमांच्या काळात आदित्य-एल१ चं महत्त्व इथे आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे बघतंय, त्यावरची एसयूआयटी ही अतिनील दुर्बीण पुण्यात आयुकाने बनवलीय. सूर्याकडून निघालेला ढग आपल्या आधी त्याला लागतो.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ३० ऑक्टोबर २०२५ ला कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेलं एक ए-३२० विमान पायलटने काही न करता अचानक खाली गेलं. काही प्रवासी जखमी झाले, विमान टॅम्पाला उतरवलं. महिन्याभराने एअरबसने जाहीर केलं की तीव्र सौर किरणोत्सर्गाने विमानाच्या नियंत्रण संगणकातली माहिती बिघडू शकते, आणि जगभरातल्या सुमारे सहा हजार विमानांचं सॉफ्टवेअर तातडीने बदलायला सांगितलं. आपल्याकडे इंडिगो, एअर इंडियाचीही विमानं त्यात होती. त्या विशिष्ट दिवशी दोष सूर्याचा की दूरच्या एखाद्या कणाचा, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. पण प्रकार समजून घ्या. मेमरीतला एक शून्य कणाच्या धक्क्याने एक होतो. बस. आणि बहुतेक विमानांवर उपाय काय केला? आधीची आवृत्ती परत टाकली. रोलबॅक! शुक्रवारी संध्याकाळी रोलबॅक करणाऱ्या जगातल्या समस्त बंधुभगिनींना त्या दिवशी घरच्यासारखं वाटलं असेल. मजा सोडा, पण जखमी झालेल्या माणसांच्या शरीराला त्या कणाने हात लावला नव्हता. त्याने संगणकाला धक्का दिला, संगणकाने विमानाला, आणि विमानाने माणसांना.

एक तालुक्यातला प्रश्न राहिलाय, गावी हमखास विचारतात. खोडदला ज्या मोठ्या डिश आहेत त्यांच्यातून 'किरणं' येतात का? नाही. तो जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, गोविंद स्वरूप यांनी उभा केलेला. या डिश फक्त ऐकतात, सोडत काही नाहीत. सूर्य त्यांच्यासाठी आकाशातला एक गोंगाट करणारा शेजारी आहे, आणि त्याचाही अभ्यास तिथे होतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे प्रदर्शन भरतं, शाळांच्या बसेस येतात. जाऊन थेट तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा, ते माझ्यापेक्षा बरं सांगतील.

दुसरा प्रश्न, वादळामुळे ऊन वाढतं का? तेही नाही. सूर्याच्या एकूण उजेडात ११ वर्षांच्या चक्रात फरक पडतो तो ०.१ टक्क्याच्या आसपास. मे महिन्यात हिरडा वेचणाऱ्या बाईला जी चक्कर येते ती नेहमीच्या, शांत, बिनवादळी सूर्याने येते. डोळ्यात मोतीबिंदू लवकर येतो त्यात वर्षानुवर्षं लागलेल्या अतिनील किरणांचा वाटा असतो, आणि त्याचं कुठलं रील येत नाही. टोपी, पदर, सावली, दुपारी बारा ते तीन काम टाळणं, पाण्यात मीठ-साखर. ऐकायला कंटाळवाणं आहे, मान्य.

तर डोकं दुखलं तर सूर्याला काय वाटेल ते म्हणा. पण छाती जड होणं, एका बाजूचा हात लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही दिसलं तर आकाशात काय चाललंय ते न बघता १०८ लावा किंवा गाडी काढा. आणि घरात कुणाची बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटात किती उरल्यात ते आज रात्री मोजा.

पुढचा भाग नाणेघाटातल्या शिलालेखातल्या अंकांवर करायचा विचार आहे, एक अभ्यासक यायला तयार झालेत. सौर वादळावर कुणाकडे चांगला अभ्यास असेल, विशेषतः भारतातल्या आकड्यांवरचा, तर जरूर पाठवा. भेटू.